लेकाच्या गोल्फसाठी काजूची बागायत विकू का?

ताई, नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला. सगळा जन्म खनिजाच्या वाहतुकीत गेला. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा एक ट्रक हप्त्यात होता, तो फेडता फेडता नाकी नऊ आले. आता एकच ट्रक उरलाय, तो भाड्यानं चालतो. मुलगा तेवीस वर्षांचा. त्याचा मामा काणकोणला एका रिसॉर्टच्या गोल्फ कोर्सवर हिरवळीची निगा राखतो. मुलगा सुट्टीत तिथं जाऊन चेंडू गोळा करायचा, पुढं कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, झाला, मग खेळायला लागला. कॉलेज पुण्यात केलं, तिथं चांगला तयार झाला. यंदा पीजीटीआय या देशातल्या व्यावसायिक गोल्फ टूरच्या क्यू-स्कूलमधून, म्हणजे पात्रता स्पर्धेतून, त्याला टूरवर खेळायचं कार्ड मिळालं. आम्हाला त्यातलं फार कळत नाही, पण पेढे वाटले.

तो म्हणतो, वर्षाला वीस स्पर्धा, आठवड्याला पस्तीस हजार, म्हणजे सात लाख लागतील. राहणं घरीच, फक्त स्पर्धेपुरतं जायचं. त्याच्याकडे लाखभर साठलेत, माझ्याकडे दोन मोकळे आहेत. एफडीत पाच आहेत, पण ते धाकट्या मुलीच्या एमएस्सीसाठी. मडगावचे एक ओळखीचे हॉटेलवाले सहा लाख देतो म्हणतात, बदल्यात पाच वर्षं बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा. नाहीतर आजोबांच्या वेळची काजूची बागायत विकावी म्हणतो. कॅडीचा खर्च वाचवायला मी स्वतः त्याची बॅग उचलीन. इकडे त्याच रिसॉर्टनं त्याला कोचची पगारी नोकरीही देऊ केलीय. भाऊबंद म्हणतात, शेटलोकांचा खेळ, आपल्याला कशाला? मी त्यांना गोल्फर चौरासियाचं उदाहरण देतो, तोही ग्रीनवर राबणाऱ्याचाच मुलगा. देवळात कौल घ्यायचंही मनात आहे. तुमचं काय मत?

— एक बाप, डिचोली

भाऊ,

मुलाला माझी शाबासकी सांगा. क्यू-स्कूलची आधी पूर्वफेरी, मग चार दिवसांची अंतिम फेरी, देशभरातली शेकडो पोरं, आणि शेवटी कार्डं तीसच्या आसपास. नऊ होलच्या कोर्सवर चेंडू वेचणारा मुलगा त्यातून पार पडला. पेढे वाटलेत ते योग्यच केलंत.

आता पैशाचं. बागायत विकू नका. मुलीच्या एफडीला हात लावू नका. मडगावच्या सहा लाखांवर, आहे त्या अटीवर, सही करू नका. आणि तरीही मुलाला खेळायला पाठवा. वीस स्पर्धांच्या भरवशावर मात्र नको, पावसाळ्यापर्यंतच्या सात-आठ स्पर्धांना. त्यापुढचं पावसाळ्यात ठरवायचं. खेळाडूंचे हिशेब लिहिणं आणि रिटर्न भरणं हे माझं रोजचं काम असल्यानं मी आधी आकड्यांकडे बघते, त्याबद्दल राग मानू नका.

तुमच्या पत्रातून असं दिसतं की तुम्ही या मोसमाकडे नव्या ट्रकासारखं बघताय: एकदा भांडवल घातलं की फेऱ्या सुरू होतील, फेरीमागे चार पैसे येतील, वर्षा-दोन वर्षांत वसूल. पण ट्रकाला प्रत्येक फेरीचं भाडं मिळतं. गोल्फमध्ये निम्म्याहून जास्त फेऱ्या फुकट जातात. पीजीटीआयच्या नेहमीच्या स्पर्धेत सव्वाशेच्या आसपास खेळाडू उतरतात. दोन दिवसांत 36 होल झाले की पहिले पन्नास आणि पन्नासाव्याच्या बरोबरीचे, एवढेच पुढं खेळतात; याला कट म्हणतात. बाकीच्यांना छदामही मिळत नाही. बऱ्याच स्पर्धा मंगळवार ते शुक्रवार होतात, कारण शनिवार-रविवारी क्लबच्या सभासदांना कोर्स मोकळा हवा असतो. म्हणजे कट हुकलेल्याचा आठवडा बुधवारी संध्याकाळी संपतो. गावी परतावं तर तिकिटाचा खर्च, तिथंच थांबावं तर खोलीचा. दोघांनी मिळून घेतलेल्या खोलीत जोडीदार उद्याच्या राउंडसाठी बूट पुसत बसलेला, आणि आपण मोबाइलवर पुढच्या गावाची गाडी शोधतोय. नवख्याच्या वर्षात असे बुधवार पुष्कळ येतात. खेळ बंद झाला तरी खर्च चालूच राहतो, हे खाणबंदीत हप्ते भरलेल्या माणसाला मी वेगळं काय सांगू!

म्हणून मोसमाला दिलेले पैसे गुंतवणूक समजू नका. ते गेलेच असं धरून द्या. त्या पैशांतून तुम्ही एकच गोष्ट विकत घेताय: आपला मुलगा त्या पन्नासांत बसणाऱ्यांच्या जवळपास आहे की नाही, याचं उत्तर. तेवढ्या उत्तरासाठी तीन-चार लाख मोजणं मला रास्त वाटतं. त्यासाठी बागायत देणं नाही.

पस्तीस हजारांचा हिशेब मुलानं प्रामाणिकपणे मांडला असेल, पण त्यात फक्त स्पर्धेचा आठवडा आहे: प्रवेश फी, कॅडी, खोली, जेवण, प्रवास. टूर फिरते कुठं ते बघा. दिल्ली, चंडीगड, कोलकाता, जमशेदपूर, हैदराबाद, अहमदाबाद, आसामातलं दिग्बोई, कधी ढाका नाहीतर कोलंबो. मोपा विमानतळावरून दिग्बोईला जायचं तर कोलकात्याला विमान बदलून दिब्रुगड, तिथून पुढं गाडीनं. वर गोल्फची बॅग. चौदा क्लब म्हणजे काठ्या, बूट, छत्री, चेंडू मिळून ती विमान कंपनीच्या फुकट वजनात कपड्यांसकट क्वचितच बसते. एकदा मागाहून पैसे भरले की मग समजतं. हातमोजे झिजतात, वेज नावाच्या क्लबच्या खाचा झिजतात, फिजिओला पैसे जातात. मी तुमच्या जागी असते तर आठवड्याला पन्नास हजार धरले असते. वीस आठवडेही धरले नसते. परदेशी टूरबरोबर भागीदारीत होणाऱ्या मोठ्या स्पर्धांत क्यू-स्कूलमधून नव्यानं आलेल्याला जागा मिळेलच असं नाही.

आणि हिशेबातली सगळ्यात मोठी चूक दुसरीकडेच आहे: 'राहणं घरीच'. गोव्यात राहून टूर खेळता येणार नाही. काणकोणच्या राजबागला नऊ होल, तेच वेगळ्या टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, दोनदा खेळायचे. मोबोरला बारा, बाणावलीला छोटेखानी नऊ. टूरच्या स्पर्धेच्या मापाचा अठरा होलचा कोर्स आपल्याकडे नाही. छोट्या कोर्सवर वाढलेल्या मुलाचे जवळचे फटके छान असतात. दीडशे यार्डांच्या आत तो कुणाला ऐकणार नाही. पण साडेचारशे यार्डांच्या पार फोरवर, म्हणजे चार फटक्यांत पुरा करायच्या होलवर, दुसरा फटका लांब आयर्न क्लबनं खळग्याभोवतीच्या ग्रीनवर थांबवायचा, ही सवय तिथं लागत नाही. शिवाय जूनपासून चार महिने आपल्याकडे 3,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेव्हा सराव म्हणजे पडवीत गालिचा अंथरून पटिंग. मुलानं पुण्यात राहायला हवं. त्याच्या ओळखी तिथं आहेत, अठरा होलचे कोर्स आहेत, विमानं आहेत आणि घरी यायला गोवा एक्सप्रेस आहे. रेल्वेत बॅगेचं वजन करायला कुणी येत नाही, हा फायदाही लहान नाही. दोन-तीन खेळाडूंनी मिळून खोली घेतली तरी भाडं, जेवण, सरावाच्या रेंजवरच्या चेंडूंचे पैसे, कोचची फी हे दरमहा लागणारच. पावसाळ्यापर्यंतच्या सात-आठ स्पर्धा आणि पुण्यातला मुक्काम मिळून साडेपाच लाखांची तयारी ठेवा. त्यातले तीन तुमच्या दोघांकडे आहेतच.

आता मिळकत. तुम्ही पेपरात वाचलं असेल की 2024 मध्ये क्रमवारीत पहिल्या आलेल्या वीर अहलावतनं वर्षाला दीड कोटीच्या वर बक्षीस मिळवलं, आणि पहिल्या नंबरवाल्याला युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचं दार उघडतं. खरं आहे. पण एक कोटीच्या स्पर्धेत विजेताच पंधरा लाख घेऊन जातो, आणि खालच्या जागांवर रक्कम भराभर उतरत जाते. कट पार करून शेवटच्या काही जागांत राहिलेल्याचा आठवड्याचा खर्च निघाला तरी तो खूश असतो. मुलानं पहिल्या वर्षी डोळ्यांसमोर ठेवायची जागा म्हणजे वर्षअखेरच्या क्रमवारीतले पहिले साठ. तिथं बसला तर पुढच्या वर्षीचं कार्ड टिकतं, नाहीतर पुन्हा क्यू-स्कूल.

मडगावच्या गृहस्थांबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातली खरी धोक्याची जागा तीच आहे. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण 'बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा' याचा अर्थ खर्च वजा होण्याआधीचा अर्धा. समजा मुलगा चांगला खेळला आणि वर्षात नऊ लाख मिळवले. नवख्यासाठी हे उत्तम वर्ष. त्यातले साडेचार मडगावला गेले. कॅडीला पगाराशिवाय बक्षिसातला टक्का द्यायची रीत आहे, ते साठेक हजार. मुलाच्या हातात चारच्याही खाली उरले, आणि वर्षभराचा खर्च झालाय दहाच्या आसपास. पोरगं चांगलं खेळूनही सहा लाखांनी खड्ड्यात, आणि ज्यांनी सहा घातले त्यांचे साडेचार पहिल्याच वर्षी परत. असं पाच वर्षं चाललं तर सहा लाखांचे साडेबावीस होतात. बँकेचं कर्ज याहून स्वस्त पडेल. मुलगा चमकला तर पाचव्या वर्षी तो तुमच्यावर चिडलेला असेल, कारण सही त्याची असली तरी शब्द तुम्ही टाकलेला असेल.

तरी त्यांना नाही म्हणून परत पाठवू नका. उलट त्यांच्याकडे जा आणि वेगळी मांडणी समोर ठेवा. सहा नकोत, तीन द्या. मुदत फक्त या मोसमाची. वाटा खर्च वजा जाऊन जे उरेल त्यातला, आणि तोही चौथाई. त्यांना परत जाणाऱ्या एकूण रकमेला कमाल मर्यादा घाला, साडेचार लाख म्हणा. काहीच मिळालं नाही तर मुलगा काहीही देणं लागत नाही, हे वाक्य शब्दशः कागदावर हवं. त्या बदल्यात बॅगेवर आणि टोपीवर त्यांच्या हॉटेलचं नाव, आणि मोसम नसताना त्यांच्या पाहुण्यांसाठी चार-सहा दिवस गोल्फचे धडे. हॉटेल चालवणाऱ्याला नावाचा उपयोग असतो, आणि प्रायोजकत्व त्यांच्या धंद्याच्या खर्चात दाखवता येतं, हे त्यांच्या सीएला विचारा म्हणावं. दुसरे प्रायोजक घ्यायला मुलगा मोकळा राहील, हेही लिहून घ्या. यावर ते राजी झाले तर चांगलंच. नाही झाले, तर त्यांना मुलाच्या खेळात रस नव्हता, त्याच्या पुढच्या पाच वर्षांत होता एवढं तुम्हाला कळेल, आणि मग तुमच्या तीन लाखांत स्पर्धा कमी करून चारच खेळायच्या.

बागायतीचं. तुमच्या पत्रात वहिनी कुठंच नाहीत. मुलगी आहे, तीही एफडीपुरती. गोव्याच्या समान नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि वहिनींच्या सहीशिवाय तुम्हाला स्थावर विकता येत नाही. आजोबांच्या वेळची म्हणता, तेव्हा वाटण्या रीतसर झाल्यात का, कागदावर तुमच्या भावांची नावं अजून आहेत का, तेही बघायला हवं. हे भाऊबंद उद्या गोल्फवर नाही, बागायतीवर बोलतील. आपल्या कायद्यात मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, आणि एका मुलाला हयातीत दिलेलं वाटणीच्या वेळी त्याच्या हिश्श्यात मोजलं जातं. मुलाला जे काही द्याल ते मुलीला सांगून द्या, आणि कागदावर टाका. नोटरीकडे एकदा जाऊन विचारायला फार खर्च येत नाही. तिला आज सांगितलंत तर ती हसून हो म्हणेल. दहा वर्षांनी तिला इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या, कामात कळलं तर हसणार नाही.

एमएस्सीचं तर बोलायलाच नको. त्या पैशातून काय मिळणार हे ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे. त्याला धक्का लावू नका.

बॅग उचलायचा तुमचा विचार वाचून बरं वाटलं, पण तो सोडून द्या. ओझं तुम्ही उचलाल. चार दिवस, रोज पाच तास चालणं ट्रकवाल्याला जड नाही. पण राउंड चालू असताना खेळाडूला सल्ला देण्याची मुभा नियमानं फक्त त्याच्या कॅडीला असते, आणि तिथं सल्ल्याची गरज पदोपदी लागते. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सचं घ्या. फेअरवे, म्हणजे खेळायचे गवताचे पट्टे, अरुंद, दोन्ही बाजूंना घट्ट झुडपं. तिथला जुना कॅडी अनेक होलवर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, बाहेरच काढू देत नाही. आयर्ननं मारा, मधे राहा, पुढचं पुढं. असा कोर्स तुमच्या मुलाला मानवेल बरं का, लहान जागेत खेळण्याची सवय त्याला आहेच. पण ग्रीनवरचं गवत कुठल्या बाजूला झुकलंय, चेंडू दिसतो त्याहून किती जास्त वळेल, हे सांगणारा माणूस तिथलाच लागतो. आणि दुसरं असं, की शेवटच्या तीन होलमध्ये कट एका फटक्यावर आलेला असताना शेजारी बाप उभा असला, तर पोराला चेंडूऐवजी एफडी दिसते. जायचंच असेल तर एक स्पर्धा बघायला जा, दोरीबाहेरून.

चौरासियांचं उदाहरण तुम्ही भाऊबंदांना देता, ते अर्धंच देता. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर, हे खरं. पण शिव शंकर प्रसाद चौरासिया व्यावसायिक झाले 1997 मध्ये आणि युरोपियन टूरची पहिली स्पर्धा जिंकली 2008 मध्ये. मधली अकरा वर्षं ते देशातल्या टूरवर खेळत होते, जिंकत होते, त्यातूनच घर चालवत होते. कोलकात्यात राहून, 1829 साली सुरू झालेल्या क्लबचा अठरा होलचा कोर्स जवळ असताना. हे उदाहरण पहिल्या वर्षी सगळं पणाला लावा असं सांगत नाही. दहा वर्षं टिकायचं असेल तर पहिल्या वर्षी घर रिकामं करून कसं चालेल?

शेटांचा खेळ म्हणतात त्यावर वाद घालू नका. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की लोकांना आधी जमीन आठवते, मग चेंडू. तेरेखोलला गोल्फ प्रकल्पाच्या जमिनीवरून काय झालं ते अजून कुणी विसरलेलं नाही, आणि त्यात लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण त्याचा तुमच्या मुलाशी संबंध नाही. मामा ज्या हिरवळीवर पगार घेतो तिथंच हा शिकला.

कौल जरूर घ्या. भीती एकच, की उजवा प्रसाद झाला तर तुम्ही त्या दिवशी मडगावला सही करून याल. म्हणून देवाला विचारायचंच तर एवढंच विचारा, की पावसाळ्यापर्यंत तीन लाख घालू का. पाच वर्षांचा प्रश्न एका पाकळीवर नको.

आता मोसम सुरू झाल्यावर घरी काय बघायचं. रोज संध्याकाळी फोन करून 'किती झाले' विचारू नका. मोबाइलवर स्कोअर तुम्हाला दिसतोच, त्याला तो पुन्हा बोलायला लावू नका. पावसाळा लागल्यावर टूर विसावते, तेव्हा शांतपणे बसा आणि एकच रकाना भरा: प्रत्येक स्पर्धेत कट किती फटक्यांनी हुकला किंवा मिळाला. बक्षिसाची रक्कम बघू नका, ती एका भाग्यवान आठवड्यात फुगू शकते आणि फसवते. सात-आठपैकी तीन कट पार केले आणि बाकीचे एक-दोन फटक्यांनी हुकले, तर मुलगा त्या पन्नासांच्या उंबऱ्यावर आहे. पावसाळ्यात पुण्यात सराव करू दे, आणि ऑगस्टनंतरच्या स्पर्धांसाठी पैसे उभे करायला मीही तुमच्याबरोबर डोकं लावीन. बहुतेक ठिकाणी पाच-सहा फटक्यांनी हुकत असेल, तर अजून वेळ आहे. त्या उरलेल्या वर्षात पीजीटीआयची नेक्सजेन नावाची धाकटी मालिका खेळावी, खर्च कमी ठेवावा, पुढच्या क्यू-स्कूलची तयारी करावी. हे निकष आत्ताच, मुलासमोर, एका कागदावर लिहा आणि दोघं सही करा. जूनमध्ये मन वेगळं बोलतं. कट एकानं हुकला की बापाला वाटतं आणखी दोन लाख, आणि सहानं हुकला की वाटतं पोराचं नशीबच खोटं. आज थंड डोक्यानं लिहिलेलं तेव्हा उपयोगी पडेल. आणखी एक, 2025 मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग नावाची वेगळी स्पर्धा सुरू झाली, तिथं कट नाही म्हणून मुलाला मोह होईल. कुठंही नाव देण्याआधी आपल्या कार्डावर काय परिणाम होतो ते पीजीटीआयकडून लेखी विचारून घ्यावं.

कराचंही दोन ओळींत सांगते, कारण पोरं इथं हटकून चुकतात. व्यावसायिक गोल्फरचं बक्षीस हे धंद्याचं उत्पन्न, त्यातून प्रवास, कॅडी, प्रवेश फी, कोच हा सगळा खर्च वजा होतो. पण बिलं असतील तर. कॅडीला रोख दिले तरी सही घ्यावी, नाहीतर निदान मोबाइलवरून पाठवावेत. तोट्याचं वर्ष असलं तरी मुदतीत रिटर्न भरायचंच. तेव्हाच तो तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, आणि बक्षिसातून कापलेला करही परत मागता येतो. पगारातून मात्र हा तोटा वजा होत नाही, तेव्हा नोकरी धरली तर दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावेत.

नोकरीवरून आठवलं. रिसॉर्टला अजून नकार कळवलेला नसेल अशी आशा आहे. पर्यटकांचा हंगाम आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च, टूरची विश्रांती नेमकी पावसाळ्यात, म्हणून दोन्ही एकदम जुळत नाही. पण डिसेंबरमध्ये जमशेदपूरला टूर संपते, आणि नाताळ-नववर्षाला रिसॉर्टवर शिकवायला माणूस हवाच असतो. मामांना बरोबर घेऊन मुलानं स्वतः मॅनेजरला भेटावं, कायमची नोकरी आत्ता घेत नाही पण नाताळाचे तीन आठवडे येईन असं सांगावं, आणि पुढच्या वर्षी कार्ड टिकलं नाही तर ही जागा मला विचारून मग दुसऱ्याला द्या अशी विनंती करावी. तोंडी हो म्हणाले तर त्याच संध्याकाळी एक ईमेल टाकायला सांगा. मॅनेजर बदलतात.